हेड पॅकिंग तीनदा बदललं तरी पाणी गळतच होतं

आमच्याकडं बाबांची मारुती ८०० आहे, ९७ सालची, कार्ब्युरेटरवाली. मी त्या गाडीच्या मागच्या सीटवरच लहानाचा मोठा झालोय, त्यामुळं ती विकायचा विषय घरात निघाला की मला कसंतरीच होतं. गेल्या मे महिन्यात वैभववाडीला लग्नाला गेलतो आणि परत येताना करूळ घाट चढायला लागलो तसा टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागला, गगनबावडा यायच्या आत बॉनेटमधनं वाफ. गाडी बाजूला घेतली, तासभर थांबलो, रेडिएटर पूर्ण गार झाल्यावर झाकण उघडून प्यायच्या बाटल्यांतलं पाणी ओतलं आणि साळवण, कळे, बालिंगा असं थांबत थांबत, दर थांब्याला पाणी घालत रात्री साडेअकराला कोल्हापुरात घर गाठलं. तेव्हा टो करून आणायला पाहिजे होती. गरम इंजिन तसंच चालवत नेल्यानं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं इंजिनचं वरचं झाकण, वाकतं हे मला नंतर कळलं, आणि आमचं वाकलंच होतं.

मग तीन महिन्यांत तीनदा हेड उतरलं. एका गॅरेजला टाकली, हेडचं पॅकिंग (हेड आणि त्याच्या खालचा सिलिंडरचा ब्लॉक यांच्यामध्ये बसतो तो गॅस्केट) बदलून दिली, आठ दिवसांत परत खाली कूलंटचा हिरवा डाग. परत नेली, परत पॅकिंग. तिसऱ्यांदा त्यांनी वॉटर बॉडी पण नवीन टाकली, म्हणजे वॉटर पंप, आपल्याकडं त्याला वॉटर बॉडीच म्हणतात. तरी सकाळी उठून बघितलं की गाडीखाली टाकलेल्या पुठ्ठ्यावर दोन-तीन थेंब असायचेच. मी रोज पुठ्ठ्यावर डागाभोवती पेनानं गोल काढून तारीख लिहायचो, कारण मला बघायचं होतं की वाढतंय का कमी होतंय. वाढत होतं. तिसऱ्या वेळेनंतर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवणारा पार्ट, काढूनच टाका म्हणाले, कटकट नको. बाबा हो म्हणणार होते पण मी गाडी घरी आणली.

आमच्या गल्लीत तात्या राहतात, सत्तरीच्या पुढं वय. उद्यमनगरात एका कारखान्यात शेतीच्या ऑइल इंजिनांच्या असेंब्लीत त्यांचं आयुष्य गेलंय. कोल्हापूरच्या बाहेरच्या लोकांना कदाचित माहीत नसेल, पण शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतनं देशभरातल्या गाड्यांच्या इंजिनांचं ओतकाम जातं, आणि त्याच्याही आधी उद्यमनगरात विहिरीवरची इंजिनं तयार व्हायची. त्यामुळं आपल्या इथं प्रत्येक गल्लीत एक तरी माणूस असा असतो ज्याला लोखंड हातानं कळतं. तात्यांना पुठ्ठा दाखवला. त्यांनी इंजिनकडं बघितलंच नाही, आधी मला विचारलं, "उघडून बांधताना कुठला पार्ट आदी बसवला आणि कुठला मागनं, हे बघितलंस काय?"

मी म्हणलं, "न्हाई तात्या, मी ऑफिसात होतो."

"मग पॅकिंगला कशाला दोष देतोस. पॅकिंग नवीनच हाय की. बांधताना चुकलंय."

त्यांनी अट घातली की काम मी स्वतःच्या हातानं करायचं, ते खुर्ची टाकून शेजारी बसणार, आणि त्यांनी सांगितल्याशिवाय एक पण बोल्ट फिरवायचा नाही. मी चार दिवस सुट्टी काढली.

पहिला दिवस फक्त गळती शोधण्यात गेला आणि मला वाटतं तोच सगळ्यात उपयोगाचा दिवस होता. इंजिन पूर्ण गार. रेडिएटरच्या झाकणाच्या जागी हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावला, ओळखीच्या एकाकडनं मागून आणला होता. आमच्या झाकणावर ०.९ लिहिलंय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ०.९ किलो, एवढ्या प्रेशरपर्यंत ते पाणी आत धरून ठेवतं आणि त्यामुळंच नुसतं पाणी सुद्धा १०० ऐवजी ११८ डिग्रीच्या आसपास उकळतं. झाकण गेलेलं असलं तर बाकी सगळं चांगलं असून गाडी गरम होऊ शकते, ते आधी बघा. तर तेवढंच प्रेशर दिलं, त्याच्या वर नाही, आणि तात्यांनी घरातनं टाल्कम पावडरचा डबा मागवला. सगळे जोड फडक्यानं कोरडे करून त्यावर पावडर उडवली. पाच मिनिटात दिसलं. हेडच्या पॅकिंगची कड सगळीकडं पांढरीशुभ्र. पावडर ओली झाली होती इनटेक मॅनिफोल्डच्या (हेडला हवा-पेट्रोल पोचवणारा भाग) खालच्या कोपऱ्यात, मागच्या बाजूनं येऊन वॉटर बॉडीत घुसणाऱ्या लोखंडी पाइपाच्या तोंडाशी, आणि नवीन टाकलेल्या वॉटर बॉडीच्या एका बोल्टापाशी. तीन जागा, आणि तिन्हीतली एक पण हेड पॅकिंग नाही!

हे मला खरंच माहीत नव्हतं की या इंजिनात थर्मोस्टॅट इनटेक मॅनिफोल्डमध्ये बसतो, म्हणजे मॅनिफोल्डमधनं हवा-पेट्रोल जातं तसं कूलंटपण खेळतं. त्यामुळं मॅनिफोल्डचं पॅकिंग हे पाण्याचं पण पॅकिंग आहे. तिथनं गळालेलं पाणी ब्लॉकवरनं ओघळत खाली येतं आणि बघणाऱ्याला वाटतं हेडमधनं येतंय.

दुसऱ्या दिवशी उतरवायला घेतलं. कूलंट बादलीत काढलं आणि झाकून ठेवलं, हे मुद्दाम सांगतो, कूलंट गोडसर असतं आणि कुत्री-मांजरं चाटतात, विषारी आहे ते, गल्लीत उघडं ठेवू नका आणि गटारीत ओतू नका. उतरवताना तात्यांनी एक नवा पुठ्ठा घेतला, त्यावर वॉटर बॉडीची आकृती काढली, मॅनिफोल्डची काढली, हेडची काढली आणि प्रत्येक बोल्टाच्या जागी भोक पाडून तोच बोल्ट त्या भोकात खोचायला लावला. मला वाटलं होतं सगळे बोल्ट सारखेच. वॉटर बॉडीचे बोल्ट पुठ्ठ्यात लागल्यावर शेजारी शेजारी दिसले तसं कळलं की एक मोठा बोल्ट आखूड भोकात गेलता. मोठा बोल्ट आखूड भोकात घातला की तो तळाला टेकतो, पान्याला घट्ट लागतो, मिस्त्रीला वाटतं आवळला, आणि पॅकिंग मात्र सैलच. तिथली गळती एवढ्यासाठीच. पंप नवीन, पॅकिंग नवीन, फक्त दोन बोल्टांची अदलाबदल.

पाइप ओढून काढला तर त्याच्या टोकाची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, एका बाजूनं कापलेली. तात्यांनी ती बोटावर फिरवून बघितली आणि म्हणाले, "आदी पंप आवळलाय, आदी पाइपाची क्लिप बी आवळलीया, आणि मग त्यो जबरदस्तीनं आत कोंबलाय. वाकडा गेला आणि रबर सोललं." मॅनिफोल्डचं पण तसंच. त्याला खालून ब्लॉकला आधार देणारी एक पट्टी आहे, ती आधी आवळली आणि मॅनिफोल्डचे नट नंतर, त्यामुळं पट्टीनं मॅनिफोल्ड खाली ओढून धरलेला आणि खालचा कोपरा हेडला नीट चिकटलाच नाही. गरम झालं, गार झालं, पॅकिंग तिथनं हळूहळू उघडत गेलं.

हेड मात्र उतरवलंच, कारण घाटात ते तापलं होतं आणि तीनदा पॅकिंग बदललं तरी त्याचं फेसिंग, म्हणजे मशीनवर घासून सपाट करणं, केलंय का नाही कुणालाच सांगता येत नव्हतं. हेडवर सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरकी धरून खालनं ०.०५ मिलिमीटरचं फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, जातंय का बघितलं. मधल्या सिलिंडरपाशी सरळ आरपार गेलं. ०.०५ हीच मर्यादा आहे, त्याच्या वर गेलं की फेसिंग. हेड घेऊन उद्यमनगरात गेलो, एका वर्कशॉपमध्ये आधी गरम पाण्यात बुडवून आतनं हवा सोडून चीर आहे का बघितलं, बुडबुडा आला नाही तेव्हा जीव भांड्यात पडला, मग मशीनवर अगदी हलका हात मारून घेतला. तिथं लायनीत बाकीच्या गाड्यांची दहा-बारा हेडं पडली होती. सगळ्यांचं हेच.

तिसरा दिवस साफसफाई. हा भाग लोक सोडतात. जुनं पॅकिंग ब्लॉकवरनं काढताना ग्राइंडरला एमरी लावून चालवायचं नाही, धातूला खड्डे पडतात आणि ती भुकटी इंजिनात जाते, सपाट पात्यानं हळूहळू खरवडायचं, सिलिंडरमध्ये आणि पाण्याच्या भोकांत कापड कोंबून. मग ब्लॉकमधली हेड बोल्टांची भोकं. तात्यांनी प्रत्येक भोकात टॅप, म्हणजे आटे साफ करायचं हत्यार, हलका फिरवायला लावला, मग हवेनं फुंकून कोरडं. भोकाच्या तळाशी पाणी किंवा ऑइल राहिलं तर बोल्ट आत जाताना ते दाबलं जातं, त्याला जायला जागा नसते, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराला खटकन वाजणारा पाना) वाजतो पण तो जोर पॅकिंगवर आलेलाच नसतो, आणि कधीकधी ब्लॉकच तडकतो. माझ्या आठ भोकांपैकी तीनमध्ये हिरवं पाणी होतं. तीनमध्ये! म्हणजे मागच्या तिन्ही वेळा हेड असंच आवळलं होतं का काय देव जाणे.

संध्याकाळी ब्लॉकला बाजूनं बसवलेले ते गोल वाटीसारखे प्लग बघितले, मागचा एक गंजून भोक पडायच्या बेतात होता. आमच्याकडं बरीच वर्षं बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये जायचं, क्षारानं आत पांढरा थर आणि गंज. तो प्लग लगेच बदलला. तात्या म्हणाले की बांधायला सुरुवात इथनंच होते, जे मागनं झाकलं जाणार ते आदी. मॅनिफोल्ड चढल्यावर त्या प्लगला हात पोचत नाही, तेव्हा गळला तर परत सगळं उतरवा.

चौथ्या दिवशी सकाळी सातला बांधायला घेतलं. प्लग झालाच होता. मग वॉटर बॉडी, कारण तिच्या पुढनं टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा पट्टा, जातो, बेल्ट चढल्यावर तिथं काही करता येत नाही. पण तात्यांनी वॉटर बॉडी आवळू दिली नाही. पॅकिंग कोरडं, बोल्ट पुठ्ठ्यावरनं ज्याच्या त्याच्या जागी, सगळे फक्त बोटानं. मग नवीन ओ-रिंग कूलंटमध्ये बुडवून पाइपावर चढवली, ग्रीस नाही, ग्रीसनं रबर फुगू शकतं, आणि पाइप सरळ धरून अंगठ्यानं आत ढकलला, टुक करून बसल्याचं हाताला कळलं. पाइपाच्या क्लिपचा बोल्ट पण नुसता बोटानं. आता पाइप आणि पंप दोघांनी आपापली जागा घेतली. मग पंपाचे बोल्ट समोरासमोर थोडे थोडे आवळले, आणि सगळ्यात शेवटी पाइपाची क्लिप. एवढाच क्रम. याच क्रमानं मागच्या वेळी काम झालं असतं तर ती ओ-रिंग कापली नसती.

मग हेड. एक नंबरचा पिस्टन पूर्ण खाली ठेवला, तीन सिलिंडरच्या इंजिनात असं केलं की बाकीचे दोन पण वरच्या टोकापासून लांब राहतात, मग हेड बसवताना उघडा व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाही. पॅकिंग कोरडंच, टॉप लिहिलेली बाजू वर, ऑइलचं भोक ब्लॉकच्या भोकाशी जुळतंय ना ते डोळ्यानं बघून. शेलॅक, सिलिकॉन काही नाही, या पॅकिंगला ते लागत नाही. मॅनिफोल्ड बाहेरच हेडला लावून दोन्ही एकदम चढवायचं माझ्या मनात होतं, वेळ वाचला असता. तात्या नको म्हणाले, एका बाजूला वजन येतं, हेड ठेवताना तिरकं पडतं, पॅकिंगवर घासतं आणि नव्याला ओरखडा येतो. नुसतं हेड दोघांनी मिळून सरळ खाली, जागा धरून ठेवणाऱ्या डॉवेल पिनांवर. बोल्टांच्या आट्यांना ऑइलचा हात, आणि मग मधनं सुरुवात करून बाहेर बाहेर गोल, तीन फेऱ्यांत. कोपऱ्यातनं आवळलं तर पॅकिंग मध्ये फुगून राहतं, पापड लाटताना मधनं कडेला जातो तसंच आहे ते. टॉर्कचा आकडा आपापल्या मॉडेलच्या पुस्तकातनंच घ्या, माझा आकडा तुमच्या इंजिनाला चालेलच असं नाही. टॉर्क रेंच नसेल तर भाड्यानं आणा पण अंदाजानं हेड आवळू नका, मी हे कळकळीनं सांगतोय.

टायमिंग बेल्टात फार वेळ गेला नाही. खुणा जुळवल्या, क्रँक हातानं पान्यानं हळूच फिरवली, कुठं अडलं तर जोर लावायचा नाही हे तात्या दोनदा बजावून बोलले, पूर्ण दोन फेरे झाल्यावर खुणा परत जुळल्या. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट केले.

त्यानंतर मॅनिफोल्ड. नवीन पॅकिंग, सगळे नट बोटानं, मग मधनं बाहेर दोन फेऱ्यांत पक्के. खालची आधाराची पट्टी अजून लावलेली पण नव्हती. मॅनिफोल्ड हेडला पूर्ण बसल्यावर पट्टी लावून बघितली, भोकं बरोबर समोर आली तेव्हाच बोल्ट घातला. तात्या म्हणाले, "पट्टीनं मॅनिफोल्ड धरायचा असतोय, वडायचा न्हाई."

थर्मोस्टॅट नवीन घेतला, ८२ डिग्रीचा. काढून टाका म्हणणाऱ्यांना हे सांगायचंय की तो नसला तर इंजिन वेळेवर तापत नाही, पेट्रोल जास्त खातं, ऑइल नीट गरम होत नाही, आणि गळतीचा त्याच्याशी काही संबंध नाही. स्प्रिंगची बाजू इंजिनकडं. त्याच्या कडेला एक बारीक भोक असतं हवा जायला, ते वर यायला पाहिजे. इथं मी चुकलो. त्याचं झाकण लावताना थर्मोस्टॅट फिरला आणि भोक खाली गेलं, मला कळलं नाही, तात्या तेव्हा जेवायला गेलते.

होस पाइप सगळ्यात शेवटी, इंजिनचे माउंटिंग आणि रेडिएटर पक्के झाल्यावर. कारण पाइप आधी लावून मग रेडिएटर सरकवला तर पाइपाला पीळ पडतो आणि तो पीळ रात्रंदिवस जोडाला ओढत राहतो. आत साबणाचं पाणी, क्लिप नळीच्या फुगीर कडेच्या मागं, कडेवर नाही.

मग पाणी भरलं, अर्धं कूलंट अर्धं डिस्टिल्ड वॉटर, हिटरचा खटका गरमवर ठेवून, गाडीचं तोंड गल्लीच्या चढाकडं करून म्हणजे रेडिएटरचं झाकण सगळ्यात उंच येतं. चालू केली. पावडर कोरडी. कुठं थेंब नाही. आणि काटा मात्र अर्ध्याच्या वर चढला, हिटरमधनं गार हवा. मी गाडी बंद केली आणि पायरीवर बसलो, डोळ्यात पाणीच आलं होतं खरं सांगतो, चार दिवस. तात्यांनी वरच्या होसला हात लावला, गार होता, इंजिन तापलेलं. "आत हवा अडकलीया. थर्मोस्टॅट बघ." गार होऊ दिलं, थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं, भोक खाली. फिरवून वर केलं, झाकणाचं नवीन पॅकिंग टाकलं, परत भरलं, खालचा होस हातानं दाबून दाबून बुडबुडे काढले. रात्री नऊला रेडिएटरचा फॅन आपोआप चालू झाला आणि दोन मिनिटांनी आपोआप बंद झाला. हिटर तापला. गार झाल्यावर परत ०.९ ला प्रेशर दिलं, पंधरा मिनिटं काटा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी होसच्या क्लिपा परत एकदा थोड्या आवळल्या, पहिल्यांदा तापून गार झाल्यावर रबर बसतं. मग बाबा, तात्या आणि मी जोतिबाला गेलो. डोंगराच्या चढाला मी काट्याकडंच बघत होतो, बाबा म्हणाले रस्त्याकडं बघ. काटा अर्ध्याच्या खाली. वर गाडी लावून लगेच वाकून खाली बघितलं, तात्या न बघताच दर्शनाला पुढं गेले.

आता चार महिने झाले. मध्ये एकदा करूळ घाट पण चढून आलो, चौघं गाडीत. रिकव्हरी बाटलीतली पातळी जिथं मार्करनं रेघ मारली होती तिथंच आहे. गाडीखालच्या पुठ्ठ्यावर शेवटची तारीख त्या कामाच्या आदल्या दिवसाची आहे.